खांब मारत नाही

मल्लविद्येमागची मनोवृत्ती सांगताना आम्ही कुस्तीपासून नव्हे, मल्लखांबापासून सुरुवात करतो. कुस्तीत समोर माणूस असतो. त्याच्यावर राग धरता येतो, हरलो तर त्याला बोल लावता येतो. लाकडाच्या खांबावर राग कसा धरणार?

बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या सरावाच्या खांबाचा उल्लेख येतो. (त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे बिदरकडचं बसवकल्याण. आपलं कल्याण नव्हे! डोंबिवलीत हे दरवेळी सांगावं लागतं.) ते मल्ल राजाच्या करमणुकीसाठीही लढत. आखाड्यात सगळं अध्यात्मच होतं, असं आम्ही म्हणणार नाही.

मागे पडलेली ही विद्या पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केली. दुसऱ्या बाजीरावांचे ते व्यायामगुरू. परंपरागत कथा अशी, की अली आणि गुलाब या पहिलवानांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. कोणी पुढे येईना. कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते स्वीकारलं, पण तयारीला मुदत मागितली. ते वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले आणि तिथे मारुतीने त्यांना खांबावरचे डाव दाखवले. दृष्टांत खरा की खोटा, याची चर्चा आम्ही करत नाही. आमचं लक्ष त्या मुदतीकडे जातं. भर दरबारात 'आज माझी तयारी नाही' म्हणायला छाती लागते.

आता खांबाकडे या. सागाचा किंवा शिसवीचा, एरंडेल लावलेला, वर मान आणि बोंड. तो डाव टाकत नाही, दमत नाही, मारत नाही. म्हणजे जी भीती वाटते, ती सगळी आपलीच. पतंजलींनी अभ्यास आणि वैराग्य एकत्र सांगितलं. आम्ही वर्गात ते वर्षानुवर्षं शिकवलं, पण खरं सांगायचं तर कळलं होतं त्याआधीच, खांबावर. घट्ट धरल्याशिवाय वर चढता येत नाही, आणि सोडल्याशिवाय पुढची पकड मिळत नाही.

दहाव्या वर्षी, ठाण्यातल्या एका तालमीत, आम्ही डोकं खाली, पाय वर, मांड्यांत खांब आवळून लटकलो होतो. खालून वस्ताद म्हणाले, "हात सोड." सोडवेना. ते रागावले नाहीत. "खांब कुठं जातोय? उद्या ये," एवढंच म्हणाले.

आम्ही रोज गेलो. हात सुटला तेव्हा पावसाळा लागला होता.