कॉफीचे माहेर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार असे ठरले, तेव्हा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "पाककृती सगळ्याच जणी देतात. तुम्ही या वेळी काही वेगळे लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख लिहिण्याचा प्रसंग यापूर्वी कधी आला नाही. परंतु गेले वर्षभर एक विषय माझ्या मनात घोळत आहे. तो कॉफीचा. आपल्याकडे चहाचेच प्रस्थ अधिक, तेव्हा ही कुठली कॉफी काढली, असे काही भगिनींना वाटेल. पण ही हकीकत शेवटी आपल्या भाजणीपाशी येऊन पोचते, म्हणून धीर करून लिहिते.

माझ्या थोरल्या वन्संचे यजमान इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबा येथे, शिक्षकाच्या नोकरीवर होते. आपल्याकडील शिक्षकांनी त्या देशात जाऊन शिकवण्याची चाल फार जुनी, सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीपासूनची आहे. गेल्या वर्षी वन्सं परत आल्या, त्या येताना माझ्यासाठी किलोभर कच्चे कॉफीचे दाणे घेऊन आल्या. हिरवट, टणक, वास म्हणावा तर वाळल्या गवतासारखा. मला म्हणाल्या, "अगं, तुझा भाजण्यात हात चांगला आहे. बघ तुला जमते का."

मला वाटले, त्यात काय जमायचे! लोखंडी कढई चढवली, गॅस मोठा केला आणि शेंगदाणे परतावेत तसे दाणे परतले. पाच-सहा मिनिटांत घरभर धूर झाला. शेजारच्या काकू "काय जळले?" म्हणून धावत आल्या. दाणे वरून कोळसा आणि आतून कच्चे. निम्मा ऐवज फुकट गेला. वन्सं रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तो एकेक दाणा तिकडे कुठल्या तरी बाईने हाताने निवडलेला असतो गं."

ते वाक्य मला लागले. मग मी या कॉफीची माहिती काढायचे मनावर घेतले. काही वन्संनी पाहिलेले सांगितले, काही भाच्याने इंग्रजी पुस्तके वाचून मला समजावले. ते सारे थोडक्यात असे.

कॉफीचे माहेर म्हणजे इथिओपिया. त्या देशाच्या नैऋत्येला काफा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील रानात अरेबिका जातीचे कॉफीचे झाड आजही आपोआप उगवते. एका धनगराच्या शेळ्या लाल फळे खाऊन नाचू लागल्या आणि त्यावरून माणसाला कॉफी कळली, अशी गोष्ट सांगतात. ती गोष्ट प्रथम छापली गेली ती १६७१ साली रोममध्ये, म्हणजे कॉफीचा प्रसार झाल्यावर फार वर्षांनी. तेव्हा ती कहाणी म्हणूनच ऐकावी. परंतु ओरोमो जमातीचे लोक भाजलेली कॉफी कुटून, लोण्यात वळून तिचे गोळे प्रवासात शिदोरी म्हणून नेत, हे अठराव्या शतकात जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने लिहून ठेवले आहे. म्हणजे कॉफीचे लाडूच म्हणायचे!

इथिओपियातून कॉफी समुद्रापलीकडे येमेनात गेली. पंधराव्या शतकात तेथील सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून ती पीत. तेथील मोखा बंदरातून ती जगभर पसरली. आपल्याकडे बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने सतराव्या शतकात सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. माझी आजी कॉफीच्या दाण्यांना बुंददाणे म्हणे. अरबीत त्या दाण्याला 'बुन्न' म्हणतात आणि इथिओपियात कॉफीला आजही 'बुना' म्हणतात, हे कळले तेव्हा मला फार नवल वाटले. आजीच्या तोंडचा शब्द केवढा प्रवास करून आला होता! आपल्या देशात आज अधिक पिकते ती रोबस्टा जात, तीही मूळची आफ्रिकेचीच. म्हणजे कपात कोणतीही कॉफी असो, मूळ माहेर एकच.

आता भाजण्याविषयी. कच्च्या दाण्याला कॉफीचा वास नसतो, चवही नसते. जे काही आहे ते विस्तवाने बाहेर येते. इथिओपियात हे काम घरातल्या बाईचे. वन्सं त्यांच्या शेजारणीकडे पुष्कळदा हा सोहळा पाहत. जमिनीवर हिरवे गवत पसरतात, ऊद जाळतात. गृहिणी पाहुण्यांसमोर बसून दाणे धुते, निखाऱ्यावर पसरट तव्यात भाजते आणि तो धुरकट सुवास घ्यायला तवा प्रत्येकासमोर फिरवते. मग उखळीत कुटून, 'जबना' नावाच्या मातीच्या सुरईत उकळून, बिनकानाच्या लहान पेल्यांत ओतते. एकाच कॉफीवर पुन्हा पाणी घालून तीन वेळा पेले फिरतात. पहिल्याला अबोल, दुसऱ्याला तोना आणि तिसऱ्याला बरका म्हणतात. बरका म्हणजे आशीर्वाद. तो घेतल्यावाचून उठणे बरे दिसत नाही. गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील ख्रिस्ती धर्मगुरू कॉफीला परधर्मीयांचे पेय म्हणून नावे ठेवीत. सम्राट दुसरा मेनेलिक स्वतः कॉफी पिऊ लागला, तेव्हा तो विरोध मावळला. आज त्या देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे निम्मी तेथील लोकच पितात.

युरोप-अमेरिकेतही एके काळी बाया घरीच चुलीवर कॉफी भाजत. १८६४ साली न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स यांनी स्वतःच रिकामे होणारे फिरते पिंप तयार करून त्याचे पेटंट घेतले. त्याच सुमारास पिट्सबर्गच्या जॉन आर्बकल यांनी भाजलेली कॉफी पुड्यात बांधून विकायला सुरुवात केली. घरची कढई गेली आणि कारखाना आला. त्यात सोय झाली, हे खरे. परंतु कोणत्या देशाचा दाणा, कोणत्या डोंगराचा, हे पुड्यावरून पुसले गेले. साऱ्या कॉफीचे एकच काळे, कडू पाणी झाले.

ते पुन्हा ओळखू येऊ लागले, त्याला एका बाईचाही हात लागला, हे भगिनींना मुद्दाम सांगते. अर्ना नुट्सन ही नॉर्वेत १९२१ साली जन्मलेली, लहानपणी अमेरिकेत आलेली बाई. सॅन फ्रान्सिस्कोत कॉफीच्या एका व्यापाऱ्याकडे ती चिटणीस होती. चव पाहण्याच्या खोलीत बायकांनी यायचे नाही, असा तेथील पुरुषांचा दंडक. तिने हट्ट सोडला नाही. चव पाहायला शिकली आणि मोठे व्यापारी हात लावत नसत असे थोडे थोडे, पण उत्तम माल ती विकू लागली. ज्या कॉफीत तिच्या जमिनीचा आणि हवेचा खास गुण उतरतो, तिला तिने १९७४ साली 'स्पेशालिटी कॉफी' असे नाव दिले. आज चव पाहणारे शंभरपैकी गुण देतात. ८० किंवा त्याहून अधिक गुण मिळाले, तरच हे नाव लावण्याची रीत आहे. बाई २०१८ साली वारली. तिचे नाव त्या धंद्यात आजही आदराने घेतात.

हे सर्व कळल्यावर मी उरलेले दाणे दुसऱ्यांदा भाजले. या वेळी थोडे घेतले, आच मध्यम ठेवली आणि उलथने क्षणभरही थांबवले नाही. कच्च्या दाण्यात शेकडा १० ते १२ भाग पाणी असते. आधी ते जाते, दाणा पिवळा पडतो आणि पाव भाजल्यासारखा वास सुटतो. मग तांबूस होतो. सुमारे २०० अंश उष्णतेला आतल्या वाफेने दाणा फुगून तडकतो, अगदी लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. हा पहिला तडका. येथून पुढे ती प्यायजोगी झाली. आणखी तापवत राहिले, तर सुमारे २२५ अंशांच्या आसपास दुसरा तडका येतो. तो बारीक आणि भराभर, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. त्यानंतर दाण्यावर तेल येते, रंग काळा होतो. एक किलो कच्च्या दाण्याचे भाजून साधारण ८५० ग्रॅम उरतात.

सारी चव या दोन तडक्यांमध्ये ठरते. पहिल्या तडक्यानंतर लगेच उतरवली, तर दाण्याची मूळची आंबट-गोड चव आणि फुलांचा वास राहतो. इथिओपियाच्या यिर्गाचेफे भागातील कॉफीत लिंबाचा आणि मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा भास होतो, तो अशाच हलक्या भाजण्यात. थोडी पुढे नेली, की आंबटपणा कमी होऊन गोडसर, खमंग लागते. दुसऱ्या तडक्याच्या पलीकडे नेली, की कडू आणि धुरकट होते आणि ती इथिओपियाची की आणखी कुठली हे जिभेला कळेनासे होते. दूध, साखर आणि चिकोरी घालायची असेल तर गडद भाजलेली बरी. दक्षिणेकडील कॉफीची गोडी तीच. पण दुरून आलेला नामी दाणा तसा भाजणे म्हणजे आंबेमोहोर तांदळाला मसालेभातात लपवणे. उतरवल्यावरही दाणा आतल्या आचेने भाजतच राहतो, म्हणून मी तो लगेच परातीत पसरला आणि सुपात पाखडून फोलपटे उडवली. एक दिवस तसाच ठेवून मग दळला. वन्संनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. म्हणाल्या, "त्या शेजारणीच्या घरी बसल्यासारखे वाटले."

आफ्रिकेतील इतर देशांच्या हकीकती मात्र ऐकून मन खिन्न होते. केनिया इथिओपियाच्या शेजारी, पण तेथे कॉफी आली ती १८९३ च्या सुमारास मिशनऱ्यांनी दूरच्या रियुनियन बेटाच्या जातीची आणलेली. गोऱ्यांच्या मळ्यांत राबायचे काळ्या लोकांनी, पण स्वतःच्या शेतात कॉफी लावायची त्यांना १९३० च्या दशकापर्यंत मुभा नव्हती. आज त्याच केनियाची कॉफी करवंदासारख्या आंबटगोड चवीसाठी जगात नावाजली जाते. रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. घरोघरी विधवा उरल्या. त्या देशात १९९९ साली माराबा भागातील शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. सभासदांत पुष्कळशा विधवा होत्या. २००१ मध्ये तेथे कॉफी धुण्याचे केंद्र उभे राहिले आणि त्यांची कॉफी परदेशात चांगल्या भावाने जाऊ लागली. तेथील दाण्यात कधी कधी कच्च्या बटाट्यासारखी चव येण्याचा दोष असतो. एक कडू शेंगदाणा साऱ्या घासाची चव घालवतो, तसा एक दाणा सारा कप बिघडवतो. म्हणून बाया तासन्‌तास बसून दाणे निवडतात. वन्संच्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला.

इथिओपियाला आणखी एक झगडा करावा लागला. त्यांच्या सिदामो, हरार आणि यिर्गाचेफे या गावा-मुलखांच्या नावांवर परदेशातील दुकाने भरपूर पैसा मिळवत, पण पिकवणाऱ्याच्या हाती फार थोडा येई. २००५ मध्ये त्या सरकारने ही नावे आपली म्हणून अमेरिकेत नोंदवण्यासाठी अर्ज केले. तेथील व्यापाऱ्यांच्या संघाने विरोध केला. अखेर २००७ मध्ये एका बड्या कंपनीशी करार होऊन त्या नावांवरचा इथिओपियाचा हक्क मान्य झाला. माल तर पूर्वीही त्यांचाच होता. लढाई झाली ती नावासाठी.

आता आपल्या भाजणीकडे वळते. आपल्या मंडळाची चकलीची आणि थालीपिठाची भाजणी आपल्या दोन वयस्कर भगिनी आजही हाताने भाजतात. कोणते धान्य कधी उतरवायचे, हे त्या नुसत्या वासावरून सांगतात. ती भाजणी आपण एका दुकानदाराला सुटी देतो. तो तिच्यावर आपल्या दुकानाचे नाव घालून दीडपट किमतीला विकतो. गेल्या वर्षीच्या सभेत आपल्याच नावाची पाकिटे काढावीत अशी सूचना आली होती. परवाना, शिक्के, पाकिटे, हिशेब ही कटकट नको म्हणून ती सूचना पडली. ती पाडण्यासाठी ज्यांनी हात वर केले, त्यांत माझाही हात होता. हे मी येथे मुद्दाम लिहिते. लपवून काय उपयोग?

यंत्रावर भाजू नये असे माझे म्हणणे नाही. उद्या मागणी वाढली, तर यंत्रही घ्यावे लागेल. परंतु त्या यंत्रापाशी उभी राहणारी बाई वास ओळखणारी हवी आणि पाकिटावर नाव तिच्या मंडळाचे हवे. परवान्याचे कागद भरायला मी भाच्याची मदत घेऊन बसेन, हेही आज सांगून ठेवते. येत्या सर्वसाधारण सभेत ती सूचना मीच पुन्हा मांडणार आहे. भगिनींनी त्या दिवशी अवश्य यावे.

वन्संनी दिलेल्या दाण्यांतले मूठभर अजून डब्यात आहेत. सभेच्या दिवशी ते भाजून आणीन. एकेकीला एक-एक घोटच येईल, पण तो तिसऱ्या पेल्यासारखा आशीर्वादाचा समजून घ्यावा, एवढीच विनंती.