फौजेच्या ताटात पुन्हा ज्वारी

मार्च 2023 मध्ये भारतीय सैन्याने जवानांच्या रेशनात ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ परत आणलं. पन्नासहून जास्त वर्षं फक्त गव्हाचा आटाच होता. मागणीप्रमाणे, तांदूळ-आट्याच्या कोट्यातलं 25 टक्क्यांपर्यंत भरडधान्य द्यायचं तेव्हा ठरलं.

पण जवान ते खाईल का? मला इथं इराकमधलं कुत आठवतं. डिसेंबर 1915 पासून तुर्कांनी सहाव्या पुणे डिव्हिजनला तिथं वेढलं. आत मराठा पलटणीही होत्या. गोऱ्या शिपायांना पांढरा पाव मिळायचा, त्यांना बेरीबेरी झाला. आपले शिपाई कोंड्यासकट आटा अन् जव खात, ते त्यातून वाचले. पुढे पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांनाही आटा खावा लागला, अन् त्यांचा बेरीबेरी हटला!

स्कर्व्हीनं मात्र आपलीच माणसं खंगली. ताजी भाजी नव्हती आणि घोड्याचं मांस बहुतेकांनी नाकारलं. धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवली, तरी कित्येक आठवडे ऐकेनात. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली.

जेवण हुकुमानं घशाखाली उतरत नाही. म्हणून 2023 चा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. सैन्याने आधी आचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं ठरवलं, बडाखान्यात, कँटीनमध्ये हे पदार्थ ठेवायला सांगितलं.

आता आपलं बघा. कापूस-सोयाबीनपायी अन् रानडुकरांच्या धाकानं आपण ज्वारी वावरातून काढली. सुट्टीवर आलेल्या जवानाला घरी भाकर द्यायची, तर ज्वारी दुकानातूनच आणावी लागते.