हुंडणावळ आणि बट्टा : नगर जिल्हा व विलायतेस जाणारा पैसा

परकीय चलनाच्या विनिमयास मराठी अर्थशास्त्रीय लेखनात ‘परकीय हुंडणावळ’ ही संज्ञा दीर्घकाळ रूढ होती. मुळात हुंडणावळ म्हणजे हुंडी करून देण्याबद्दल सराफ घेत असे ती मजुरी. शिवणावळ, धुणावळ यांच्याच घडणीचा हा शब्द. मजुरीचे हे नाव पुढे विनिमयाच्या दरालाच लागू झाले आणि त्या सरमिसळीत एक महत्त्वाचा भेद नजरेआड झाला. पैसा दूरदेशी धाडणाऱ्यास दोन निरनिराळे खर्च सोसावे लागतात. एक उघड मजुरी, आणि दुसरा दोन नाण्यांच्या मोलातील तफावतीचा, म्हणजे बट्ट्याचा. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अर्थेतिहासात या दोन खर्चांपैकी बट्टा हाच वारंवार जड ठरलेला आढळतो. तो कोणी सोसावा, याचा निर्णय मात्र बाजारात क्वचितच झाला.

१८१८ साली हा मुलूख कंपनी सरकारकडे आला, त्या वेळी दख्खनेत एकच एक रुपया चालत नव्हता. अंकुशी, चांदवडी इत्यादी अनेक शिक्क्यांचे रुपये व्यवहारात होते. त्यांचे वजन व कस सारखे नसल्यामुळे प्रत्येकाचा भाव सराफकट्ट्यावर ठरे. नगरहून पुण्यास किंवा मुंबईस रक्कम धाडावयाची, तर दर्शनी अथवा मुदती हुंडी हाच सुरक्षित मार्ग होता. हुंडी वाटेत गहाळ झाली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ देण्याची चोख व्यवस्था होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हुंडणावळ कायम ठरावीक नसे. कापूस व धान्य खरेदीच्या हंगामात मुंबईचा पैसा वर देशावर येऊ लागला, की मुंबईवरील हुंड्या मुबलक होत आणि तिकडे रक्कम धाडणाऱ्यास हुंडी स्वस्त पडे. हंगाम सरताच उलट स्थिती होई. या चढउताराला व्यापारी सरावलेला होता. रयतेची अडचण निराळी होती. सारा भरताना हाती आलेले नाणे कोणत्या दराने घ्यावयाचे हे पोतदार-पारखी सांगे, आणि बट्टा कुळाच्या माथी बसे.

१८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, त्यांपैकी १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा कंपनी रुपया सर्वत्र एक झाला, आणि यथावकाश अंतर्गत व्यवहारातील बट्टा मावळत गेला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला, १८८० पासून टपालखाते मनीऑर्डरी घेऊ लागले, आणि जिल्ह्यातून देशात कोठेही रक्कम धाडणे किरकोळ मजुरीचे काम झाले. परंतु घरातून गेलेला बट्टा समुद्रमार्गाने परत आला. रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा. १८७० नंतर जर्मनीसह अनेक युरोपीय राष्ट्रांनी चांदीचे चलन सोडले, नव्या खाणींतून चांदीचा पुरवठा वाढला, आणि चांदीचे मोल कोसळू लागले.

याची झळ सर्वांत आधी जाणवली ती येथे नोकरीस असलेल्या युरोपियनांस. नगर हे लष्करी छावणीचे व कलेक्टर कचेरीचे ठाणे. मुले विलायतेच्या शाळेत, कुटुंब तिकडे, असा संसार असलेले अधिकारी येथे नेहमीच असत. त्यांची मिळकत रुपयांत आणि खर्च पौंडांत. पैसा धाडण्याचे काम ग्रिंडले किंवा किंग यांसारख्या मुंबईतील पेढ्या करीत. त्यांची दलाली हा या प्रकरणातील अगदी लहान भाग होय. १८७१-७२ मध्ये रुपयाचा सरासरी भाव २३.१२६ पेन्स होता. त्या भावाने १०० पौंड घरी धाडण्यास सुमारे १,०३८ रुपये पडत. १८९२-९३ मध्ये भाव १४.९८५ पेन्सांवर आला व तेवढ्याच पौंडांस सुमारे १,६०२ रुपये लागू लागले. १८९४-९५ मध्ये, भाव १३.१०१ पेन्स असताना, सुमारे १,८३२. पगाराचा आकडा तोच असता घरी पोचणारी रक्कम जवळजवळ निम्म्यावर आली. त्यांची तक्रार खोटी नव्हती.

तक्रार ऐकलीही गेली. १८९३ साली सरकारने ‘एक्स्चेंज कॉम्पेन्सेशन अलाउन्स’ म्हणजे विनिमय-नुकसानभरपाईचा भत्ता मंजूर केला. हिंदुस्थानात अधिवास नसलेल्या युरोपियन व युरेशियन नोकरांच्या निम्म्या पगाराला, ठरावीक मर्यादेपर्यंत, १८ पेन्सांचा भाव धरावा आणि बाजारभावाने पडणारी तूट खजिन्याने भरून द्यावी, अशी ही योजना. हजार रुपये पगाराच्या अधिकाऱ्यास १८९४-९५ च्या सरासरी भावाने महिना सुमारे १८७ रुपये जास्त मिळत. रक्कम प्रत्यक्ष विलायतेस धाडली की नाही, हे पाहण्याची अट नव्हती. त्याच कचेरीतील देशी अव्वल कारकुनास अर्थातच यातील काही नव्हते. राष्ट्रीय सभेने त्याच वर्षी या भत्त्याचा निषेध केला, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढील साक्षीत त्यावर टीका केली.

भत्त्याची रक्कम ज्या महसुलातून निघे, त्यावर याहून कितीतरी मोठा बोजा आधीच होता. भारतमंत्री लंडनमध्ये ‘कौन्सिल बिले’ विकीत. ती बिले हिंदुस्थानातील इलाख्याच्या खजिन्यांत वटत. ही एक अवाढव्य सरकारी हुंडीच होय. १८९२-९३ मध्ये अशा रीतीने १,६५,३२,२१५ पौंड विलायतेस गेले व त्यासाठी सुमारे २६ कोटी ४८ लक्ष रुपये मोजावे लागले. पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे उसळले होते. तेथील शेतसाराही याच महसुलाचा भाग होता. तथापि घसरत्या रुपयाने रयतेचे केवळ नुकसानच झाले असे म्हणणे एकांगी ठरेल. शेतसारा तीस वर्षांसाठी रुपयांत ठरलेला, कर्जही रुपयांतच; सोन्याच्या मानाने जगभर भाव उतरत असता चांदीच्या रुपयातील भाव तितके उतरले नाहीत, ही गोष्ट ऋणकोच्या बाजूची होती. २६ जून १८९३ रोजी टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद झाल्या, तेव्हा हा आडोसाही गेला. रुपया पुढे १६ पेन्सांवर स्थिरावला, पौंडास पंधरा रुपये झाले. विनिमयदराच्या स्थैर्यापेक्षा किमतींचे स्थैर्य महत्त्वाचे, हा डॉ. भीमराव आंबेडकर यांचा १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथातील मुद्दा या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

बट्ट्याचा लाभ झालेलेही नगरात होते. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे येथे १८३१ पासून होते, आणि त्याचा पैसा उलट दिशेने, बोस्टनहून येई. त्या काळी अमेरिकेचा हिंदुस्थानाशी व्यवहार बहुधा लंडनवरील स्टर्लिंग बिलांच्या मध्यस्थीने होत असल्याने डॉलरचे पौंड व पौंडांचे रुपये असा दुहेरी विनिमय पडे. तरीही रुपया दोन शिलिंगांचा असता सुवर्ण डॉलरास जेथे दोन रुपयांहून किंचित अधिक येत, तेथे सोळा पेन्सांच्या भावाने तीन रुपयांहून अधिक येऊ लागले. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगरचे रॉबर्ट ह्यूम यांनी अमेरिकन मदतीच्या वाटपात प्रमुख भाग घेतला. त्या देणगीचा प्रत्येक डॉलर तीस वर्षांपूर्वीच्या डॉलरापेक्षा सुमारे दीडपट रुपये घेऊन आला.

आज संगमनेर, राहुरी, कोपरगाव येथून युरोपात शिकावयास व नोकरीस जाणाऱ्यांची कुटुंबे बँकेच्या खिडकीशी उभी राहतात, तेव्हा हुंडणावळ व बट्टा ही जोडी नव्या वेषात पुढे येते. युरोपीय संघाने २००१ च्या नियमाने युरोतील परराष्ट्रीय भरणा देशांतर्गत भरण्याइतक्याच आकारात करण्याचे बंधन बँकांवर घातले; रुपया त्या कुंपणाबाहेर आहे. नगरची रक्कम बर्लिनला जाताना मधल्या बँका आपला आकार कापून घेऊ शकतात, हे पूर्वीच्या दुहेरी विनिमयाचेच रूप. पाठविण्याचा आकार पावतीवर स्वतंत्र लिहिलेला असतो. जर्मनीत विद्यार्थ्याने एका वर्षाच्या निर्वाहासाठी खात्यात अडकवून ठेवावयाची रक्कम २०२४ मध्ये ११,९०४ युरो ठरली. ती भरताना बँकेचा विक्रीदर बाजारातील मध्यदराहून युरोमागे केवळ एक रुपयाने अधिक असला, तर ११,९०४ रुपये अधिक जातात. ते दरातच मुरलेले असतात, आणि पावतीच्या आकारांच्या रकान्यात सहसा दिसत नाहीत.