१८९ विजयांनंतर

पराक्रमी माणसांचीं चरित्रें लिहितांना चरित्रकाराची लेखणी विजयाच्या प्रसंगीं जितकी रमते तितकी पराजयाच्या प्रसंगीं रमत नाहीं. पराजय म्हणजे जणूं भरजरी वस्त्रावरचा डाग. घडी अशी घालावयाची कीं, पाहणाराचें लक्ष जरीच्या कांठावरच राहावें. परंतु ज्या स्त्री-मल्लाविषयीं आज आम्ही वाचकांशीं दोन शब्द बोलणार आहोंत, तिचें चरित्र या रीतीनें लिहिलें तर त्यांतील मर्मच नाहींसें होईल. जपानच्या काओरी इचो हिनें लागोपाठ ४ ऑलिंपिक स्पर्धांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविलें. तिच्या आधीं हें कोणत्याही खेळांत कोणाही स्त्रीला साधलें नव्हतें. तरी तिची खरी ओळख आम्हांस झाली ती तिच्या एका पराजयावरून.

काओरीचा जन्म १३ जून १९८४ रोजीं, जपानच्या उत्तरेकडील आओमोरी प्रांतांत, हाचिनोहे या बंदराच्या शहरीं झाला. थोरली बहीण चिहारू हिच्या मागोमाग तीही लहानपणींच कुस्ती शिकूं लागली. पुरुषांच्या कुस्तीला १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकांतच स्थान मिळालें होतें. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा मात्र १९८७ सालीं नॉर्वेंत भरली, आणि ऑलिंपिकचें दार त्यांच्यासाठीं उघडावयास २००४ साल उजाडावें लागलें. तें उघडलें त्याच वर्षीं या दोघी बहिणी अथेन्सच्या आखाड्यांत उतरल्या. चिहारूस ४८ किलोच्या गटांत रौप्यपदक मिळालें, काओरीस ६३ किलोच्या गटांत सुवर्ण. चार वर्षांनीं बीजिंग येथेंही दोघींच्या वांट्यास तींच पदकें आलीं.

येथें या कुस्तीची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. आपल्याकडे तांबड्या मातींत पाठ टेकली कीं कुस्ती संपली. फ्रीस्टाइल कुस्तींतही चितपट करणाराचा विजय होतोच. पण कोणाचीच पाठ टेकली नाहीं तर गुणांवर निकाल लागतो, आणि १० गुणांचें अंतर पडलें म्हणजे झुंज तेथेंच थांबते. पट काढावयास व पायांनीं डाव करावयास या प्रकारांत पूर्ण मोकळीक असते. अशा कुस्तींत एखादा गुण पदरांत पाडून घ्यावा आणि उरलेला वेळ बचाव करून काढावा, हाही जिंकण्याचा एक मार्ग आहे. केवळ पदकावर डोळा असणाराला तो पुरेसा वाटतो.

काओरीला तो पुरेसा वाटला नाहीं. बीजिंगनंतर ती कांहीं काळ कॅनडांत राहिली आणि परतल्यावर टोकियोंत पुरुष मल्लांबरोबर सराव करूं लागली. दोन सुवर्णपदकें गळ्यांत पडल्यावर, जेथें रोज अंग आपटून घ्यावें लागेल अशा ठिकाणीं आपण होऊन जाणें, ही गोष्ट आम्हांस तिच्या कोणत्याही पदकाहून मोठी वाटते. पुढें जिंकूनही आपली कुस्ती मनासारखी झाली नाहीं असें ती अनेकदां बोलून दाखवी. हा विनयाचा उपचार नव्हता. ती ज्या विद्येच्या मागें लागली होती, तिची मोजदाद पंचांच्या फलकावर होत नव्हती. २०१२ सालीं लंडन येथें पाय दुखावलेला असतां तिनें तिसरें सुवर्ण मिळविलें. २०१५ पर्यंत जागतिक अजिंक्यपदें १० झालीं. आणि २००३ पासून चाललेल्या विजयांची संख्या १८९ वर पोंचली. मध्यंतरीं २०१४ सालीं तिची आई निवर्तली.

जानेवारी २०१६ मध्यें रशियांतील क्रास्नोयार्स्क येथें ही मालिका तुटली. मंगोलियाच्या ओर्खोन पुरेवदोर्ज या तरुण मल्लानें तिला अंतिम झुंजींत १०-० असें हरविलें. हा निसटता पराभव नव्हता. तींत तिला एकही गुण घेतां आला नाहीं. वयाच्या ३१ व्या वर्षीं, कीर्तीच्या शिखरावर असतांना, असा प्रसंग आल्यावर सन्मानानें निवृत्त होण्यास कोणी नांवें ठेविलीं नसतीं. ती परत सरावास लागली.

त्याच वर्षीं १७ ऑगस्ट रोजीं रिओ येथें ५८ किलोच्या गटांत जें घडलें तें पाहण्यासारखें आहे. जिनें काओरीला हरविलें त्या पुरेवदोर्जला रशियाच्या व्हालेरिया कोब्लोव्हानें हरविलें. याच कोब्लोव्हाकडून आपली रोहतकची साक्षी मलिकही हरली. परंतु अंतिम फेरी गांठणाऱ्या मल्लानें ज्यांना पाडलें त्यांना पुन्हां एक संधी मिळते. त्या संधींत साक्षीनें पुरेवदोर्जला नमविलें, पुढें किर्गिझस्तानच्या मल्लाविरुद्ध ०-५ अशी मागें असतां ८-५ नें बाजी मारली, आणि ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री-मल्ल ठरली. अंतिम झुंजींत काओरी कोब्लोव्हाच्या एका गुणानें मागें होती. घड्याळांत थोडेसेच सेकंद उरले असतां तिनें दोन गुण मिळविले, व ३-२ असा जय झाला. नंतर तिनें दिवंगत आईचें स्मरण केलें.

जिला कोणी जिंकूं शकत नव्हतें ती हरली. हरलेलीनें चौथें सुवर्ण घेतलें. हरलेल्या दुसरीनें आपल्या देशाला कांस्य दिलें. एका दिवसाच्या या निकालपत्रांत पराजय हा कोणाचाच शेवट ठरला नाहीं.

महाराष्ट्रीय वाचकांस येथें हेलसिंकीची आठवण होईल. १९५२ सालीं तेथें बँटम वजनाच्या फ्रीस्टाइल कुस्तींत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कांस्यपदक मिळविलें; रौप्य सोव्हिएत रशियाकडे गेलें, आणि सुवर्ण जपानच्या शोहाची इशीकडे. ६४ वर्षांनीं, जवळजवळ त्याच वजनांत, त्याच तीन देशांचीं नांवें त्याच क्रमानें पुन्हां लिहिलीं गेलीं. फरक एवढाच कीं, या वेळीं तीं स्त्रियांचीं होतीं.

काओरी पुढें पुन्हां आखाड्यांत उतरली, आणि जुलै २०१९ मध्यें निर्णायक झुंजींत रिसाको कावाई या आपल्याच देशभगिनीकडून हरली. पांचव्या ऑलिंपिकची वाट तेथें बंद झाली. कावाईनें मात्र २०२१ सालीं टोकियोंत त्याच गटाचें सुवर्ण जिंकलें. आपल्याला हरविणारी मुलगी आपल्याच घरच्या आखाड्यांत तयार व्हावी, यापरता मोठा विजय कोणत्याही वस्तादानें मागूं नये.