जर्मनचा टोप

कट्ट्याच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं. विकलेल्या भांड्यावर बाबा स्वतः नाव घालून देत. मांडीवर टोप, हातात बारीक छिन्नी, वर हातोडीचे हलके ठोके. जर्मनच्या टोपावर छिन्नी लगेच रुतायची, जरा जोर झाला तर आतल्या बाजूला उठाव यायचा. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणत.

आपल्या देशात या भांड्यांची सुरुवात मद्रासला झाली. तिथल्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1898 मध्ये ती करवून घेतली. वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आणि कल्हईचा खर्च नाही, म्हणून गरिबाघरी ती झटकन रुळली.

पण शुद्ध ॲल्युमिनियम फार नरम. त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. पत्रा थंडच लाटला की ही घसरण अडते आणि तो कडक होतो. मात्र भांडं कोरडं चुलीवर राहिलं की हा कडकपणा उतरतो. आईचा पेजेचा टोप एकदा तसाच राहिला. त्याचं बूड कायमचं फुगलं. जमिनीवर ठेवला की डुलायचा, तरी आईने तो मोडीत दिला नाही.

खरा फरक पडतो तो मिसळीने. आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाने 1906 च्या सुमारास ॲल्युमिनियममध्ये चारेक टक्के तांबं नि किंचित मॅग्नेशियम घातलं, तापवून पाण्यात विझवलं. लगेच तपासलं तर नरमच. दोनेक दिवसांनी पाहतो तर धातू आपोआप कडक झालेला! पुढे त्याचीच विमानं झाली. मला ही गोष्ट अजून नवलाची वाटते. पण तांब्याच्या या मिसळीला खारं पाणी सोसत नाही. किनाऱ्यावर टिकते ती मॅग्नेशियमची.

मग हिंडालियम आलं, मॅग्नेशियम-मँगनीजसारखे धातू थोडे थोडे घातलेलं. बायका दुकानात शिरतानाच सांगत, "जर्मनचो नको, हिंडालियमचो दी." सोलांच्या आंबटाने नि मिठाने तेही काळवंडायचं, पण पोचे कमी पडत.

हिंडालियम आलंय हे बाबांच्या मनगटाला आधी कळलं. एका अक्षराला दोन ठोके जास्त लागू लागले. आईच्या त्या डुलणाऱ्या टोपावर तिचं नाव आहे, खोल नि गोलसर अक्षरांत. नंतरच्या भांड्यांवरची अक्षरं उथळ आहेत.