चीनराजपुत्राचे झाड

भिलाईसारख्या उष्ण गावी परसात नाशपाती लावावी, असे कोणी म्हटले तर जाणकार माळी हसेल. आणि त्याचे हसणे अकारण नसेल. या झाडाला हिवाळ्यात ७ अंशांखालचा गारवा बरेच तास लागतो. त्यावाचून त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. याच छत्तीसगडात जशपूरच्या उंच पठारांवर मात्र नाशपातीच्या बागा आहेत.

नाव फारसी असल्यामुळे हे फळ आपण इराणी समजतो. परंतु त्याला आणखी जुने एक नाव आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू पंजाबातील चीनभुक्ती या प्रदेशात १४ महिने राहिला. तेथे त्याने ऐकले की, कनिष्काकडे चीनच्या बाजूच्या मांडलिकांनी पाठविलेले ओलीस हिवाळ्यात तेथे राहत. त्यांनीच पीच आणि नाशपाती या देशी आणली. म्हणून पीचला ‘चीनानी’ व नाशपातीला ‘चीनराजपुत्र’ म्हणत. हिमालयात रानटी नाशपाती पूर्वापार आहेच. तेव्हा ही कथा बागेतल्या फळापुरतीच घ्यावी. तरीही तिचे मर्म लहान नाही. घरी परतणे ज्यांच्या हाती नव्हते, त्यांनी घरचे झाड परमुलखात लावले.

नाव ग्रंथात टिकते. फळाची जात तशी टिकत नाही. नाशपातीचे बी पेरले तर मायझाडाचे गुण उतरत नाहीत. जात राखायची ती कलमानेच, एका हातातून दुसऱ्या हातात. पंजाबातील ‘पत्थरनाख’ ही कठीण गराची जुनी जात चिनी कुळातलीच असून ती रानटी कैंथाच्या खुंटावर बांधतात. थोड्या थंडीवर भागणारी ती असल्यामुळे भिलाईत प्रयोग करायचा तर तिचाच करावा. झाड निद्रिस्त असताना, जानेवारीत, कलम लावावे. पाण्याचा निचरा राखावा. वैशाखात बुंध्याशी पालापाचोळा पसरावा.

भिलाईही परमुलखातून आलेल्यांचेच गाव आहे. १९५५ साली सोव्हिएत सहकार्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पोटासाठी देशभरातून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा परसात नाशपातीला फळे थोडी येतील, कदाचित येणारही नाहीत. परंतु झाड जगले, तर त्याची एक काडी जशपूरच्या एखाद्या बागाइताला कलमासाठी देता येईल, आणि देताना त्याचे जुने नावही सांगता येईल.