क्रँककेस वायुवीजन

इंजिनाच्या क्रँककेसमध्ये साचणारे वायू ओढून काढून ते पुन्हा सिलिंडरमध्ये जाळण्याची व्यवस्था. बहुतेक पेट्रोल व सीएनजी वाहनांत त्यासाठी वेगळा पंप नसतो. इंजिन जी हवा आत घेते तिच्याच प्रवाहातून ही ओढ मिळते. गॅरेजमध्ये या सगळ्याला नुसते ‘ब्रीदर’ म्हणतात.

पिस्टनच्या रिंगा नव्या असल्या तरी सिलिंडर पूर्णपणे बंद होत नाही. ज्वलनाच्या वेळी आतला दाब वातावरणाच्या पन्नासपटीहून वर जाऊ शकतो आणि थोडा वायू रिंगांच्या फटींतून खाली उतरतो. त्यात न जळलेले इंधन, आम्लधर्मी वायू आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तितकेच पाणी तयार होते. सीएनजीत हायड्रोजनचे प्रमाण अधिक असल्याने पाणी आणखी जास्त. हे सारे आत कोंडले तर तेल ऑइल सील आणि टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून बाहेर येते आणि आत उरलेले तेल लवकर खराब होते. म्हणून क्रँककेसमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवावा लागतो. हा फरक पाण्याच्या स्तंभाच्या काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंत असला तरी पुरतो. जास्त ओढ झाली तर सीलमधून धूळ आत येते आणि तेलही ओढले जाते.

ही ओढ दोन ठिकाणांहून मिळते. पहिले ठिकाण थ्रॉटलच्या पुढचा इनटेक मॅनिफोल्ड. इंजिन स्लो स्पीडवर असताना थ्रॉटल जवळपास बंद असतो, पिस्टन मात्र हवा मागत राहतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब वातावरणापेक्षा ४५० ते ५०० मिलिमीटर पाऱ्याने खाली जातो. एवढी ओढ सरळ क्रँककेसला लावता येत नाही. मध्ये पीसीव्ही नावाचा स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह असतो. ओढ तीव्र असली की त्याची वाट अरुंद होते, मध्यम असली की रुंद होते, आणि मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झाला तर ज्वाला खाली जाऊ नये म्हणून तो बंद होतो. दुसरे ठिकाण एअर क्लीनर आणि थ्रॉटल यांच्यामधली नळी. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधली ओढ नाहीशी होते, आणि रिंगांतून उतरणारा वायू नेमका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. त्या वेळी या नळीतून वेगाने जाणारी हवा उपयोगी पडते. प्रवाहाचा वेग वाढला की दाब घटतो, हे दानियेल बेर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडले आणि निमुळत्या नळीतला त्याचा परिणाम जोवानी बत्तिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये वर्णिला. ब्रीदरचे तोंड अशा निमुळत्या जागी उघडले की मॅनिफोल्डची मदत नसतानाही क्रँककेस रिकामा होत राहतो.

पूर्वी गाडीखाली उघडी नळी सोडलेली असे आणि धावत्या गाडीखालच्या वाऱ्याने वायू ओढला जाई. गाडी थांबली की ओढ संपे. आजच्या शिळफाट्याच्या कोंडीत ती नळी निरुपयोगी ठरली असती. नियंत्रण नसलेल्या मोटारीच्या हायड्रोकार्बन प्रदूषणाचा सुमारे पाचवा हिस्सा या नळीतून येतो असे लॉस एंजेलिसच्या धुरक्याच्या अभ्यासानंतर लक्षात आले. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून आणि १९६३ पासून अमेरिकाभर नव्या मोटारींत पीसीव्ही व्यवस्था आली. भारतातही पेट्रोल वाहनांच्या प्रदूषण चाचणीत क्रँककेसमधून बाहेर वायू पडू नये, ही स्वतंत्र कसोटी आहे.

डिझेल इंजिनात हवेचा प्रवाह अडवणारा तसा थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ जवळपास नसते. डिझेल मोटारीला ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो तो याच कारणाने. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या प्रीमियरच्या कारखान्यातून १९९० च्या दशकात निघालेली प्यूजो ३०९ मोटार १३६० घनसेंमी पेट्रोल आणि १५२७ घनसेंमी डिझेल अशा दोन्ही इंजिनांत मिळे. दिसायला एकच गाडी, पण ओढीचा हिशेब वेगळा. टर्बो असलेल्या इंजिनात ब्रीदर एअर फिल्टर आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये जोडतात, कारण टर्बोपुढच्या नळीत दाब उलट वाढलेला असतो. तेथे तेल गाळणारा सेपरेटर चांगला हवा, नाहीतर इंटरकूलर तेलाने भरतो.

कल्याणच्या डिझेल लोको शेडमधील आल्को घराण्याच्या रेल्वे इंजिनांत, उदाहरणार्थ पूर्वी कोकण रेल्वेच्या गाड्या ओढणाऱ्या ३३०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-३डी मध्ये, सेवन-हवेवर न विसंबता विजेच्या मोटरवर चालणारा एक्झॉस्टर क्रँककेसमधले वायू खेचतो. अमेरिकन ईएमडी बनावटीच्या टर्बो इंजिनांत हेच काम धुराड्यातल्या वायूच्या वेगावर होते. एवढ्या मोठ्या इंजिनात दाब वाढणे म्हणजे तेलाच्या वाफेच्या स्फोटाचा धोका, म्हणून आल्कोच्या क्रँककेसला स्प्रिंगची स्फोटद्वारेही असतात.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत स्टेशन ते घर अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या रिक्षा व स्कूटर यांना या व्यवस्थेची गरज सर्वांत जास्त. इंजिन पुरते तापत नाही, वाफ उडून जात नाही, आणि पावसाळ्यात फिलर कॅपखाली पांढरट साय दिसते. पेट्रोल मोटारीची तपासणी सोपी आहे. इंजिन स्लो स्पीडवर ठेवून फिलर कॅप काढावी व तोंडावर कागद धरावा. कागद हलकेच खेचला गेला तर ओढ ठीक आहे. फुंकर लागून उडाला तर ब्रीदर तुंबलेला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. पीसीव्ही काढून हलवल्यावर खडखडला नाही तर तो अडकला आहे. व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर जादा हवा शिरून इंजिन स्लो स्पीडला डगमगते.

एअर फिल्टरमध्ये तेल येते म्हणून ब्रीदरची नळी काढून खाली मोकळी सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती चुकीची आहे. त्याने प्रदूषण थेट रस्त्यावर येते, सेवन-हवेची ओढ तुटते आणि मूळ बिघाड झाकला जातो. तेलगळती दिसली तर पॅकिंग बदलण्याआधी आणि इंजिन उतरवण्याच्या कितीतरी आधी ही नळी व तिचा व्हॉल्व्ह साफ करून पाहावा.